रेड सॉक्स २००४ ची डॉक्युमेंटरी परत बघितली, पण तो 'श्राप' खरा की नुसता मसाला?

फेनवेचा_वारकरी:
काल रात्री परत बसलो. आपल्या रेड सॉक्सची, म्हणजे बॉस्टनच्या बेसबॉल टीमची, नेटफ्लिक्सवर २०२४ ला आलेली, तीन भागांची. शेवट तोंडपाठ आहे तरी डेव्ह रॉबर्ट्स पहिल्या बेसवर आला की मी उठून उभाच राहतो, बायको म्हणते अहो तो सेफ आहे, वीस वर्षं झाली, बसा खाली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, न्यूयॉर्कच्या यांकीजविरुद्ध सेमीफायनलसारखी सात मॅचची सिरीज, आपण ०-३ मागे, तिसरी तर घरच्या मैदानावर १९-८ अशी धुलाई, चौथीत नववी इनिंग, एक रन कमी आणि समोर त्यांचा शेवटी येणारा हुकमी बॉलर मारियानो रिवेरा. आपल्या मिलारला वॉक, म्हणजे न मारता पहिला बेस, मिळाला, त्याच्या जागी धावायला रॉबर्ट्स, रिवेराने तीनदा बॉल पहिल्या बेसकडे फेकून बघितला तरी गड्याने पुढचा बॉल पडतानाच पळून दुसरा बेस चोरलाच, मग म्युलरचा हिट, बरोबरी, आणि बाराव्या इनिंगला ऑर्टिझचा होम रन. हा रॉबर्ट्स अख्ख्या सिरीजमध्ये एकदाही बॅटिंगला आला नाही बरं का!! आपला स्टार बेब रूथ यांकीजला विकला म्हणून ८६ वर्षं वर्ल्ड सिरीज, म्हणजे फायनल, जिंकता आली नाही म्हणतात, तो श्राप असा तुटताना बघायचा, यापुढे बाकी सगळं फिकं. कोणाला पटत नाही?

आकडेमोड:
मला नाही पटत. कसला श्राप? १९४६, ६७, ७५, ८६, चारही वेळा वर्ल्ड सिरीजच्या सातव्या मॅचला हरले. शापित टीम चारदा तिथवर पोचते होय? ८६ ला सहाव्या मॅचमध्ये यांच्या बकनरच्या पायातून बॉल गेला म्हणून त्या बिचाऱ्याला आयुष्यभर शिव्या, पण बॉल गेला तेव्हा स्कोअर आधीच बरोबरीत आला होता आणि सातवी मॅच बाकी होती, हे कोण लक्षात ठेवतं. आणि खरं कारण हवं असेल तर, १९४५ ला जॅकी रॉबिन्सनला, जो पुढे मोठ्या लीगमधला पहिला काळा खेळाडू झाला, फेनवेवर, म्हणजे यांच्या मैदानावर, ट्रायलला बोलावलं आणि नुसतं घरी पाठवलं. स्वतःचा पहिला काळा खेळाडू, पम्प्सी ग्रीन, घेतला १९५९ ला, सगळ्या टीममध्ये शेवटी. याला श्राप नाही, करणी तशी भरणी म्हणतात. बेब रूथचं भूत नाचवलं की मालकांचं पाप झाकलं जातं.

ब्रॉंक्सचा_बंड्या:
यांकीज फॅन आहे, मारा दगड. 'बिचारी गरीब टीम' हे ऐकून हसू येतं, २००४ ला पगारावर खर्च करण्यात यांचा नंबर दुसरा होता, पहिला आमचा 😅 हरलो ते मान्य. सहाव्या मॅचला आमच्या ए-रॉडने त्यांच्या अरॉयोच्या हातावर फटका मारून बॉल पाडला तो भाग मात्र मी पुढे पळवतो, लाज वाटते अजून.

सातवी_इनिंग:
आकडेमोड, मुद्दे बरोबर आहेत पण तुम्ही तेव्हा इथे नव्हता. मी बॉस्टनला शिकत होते, बेसबॉलचं ओ की ठो कळत नव्हतं. जिंकल्यावर लोक कबरस्तानात गेले, वडलांच्या, आजोबांच्या कबरीवर टोप्या आणि झेंडे ठेवून आले. तेव्हा मला कळलं की श्राप म्हणजे भूतबित काही नाही, घरातली तीन पिढ्यांची उधारी होती ती. मालकांचं पाप आहेच हो, पण टोपी ठेवणाऱ्याचं काय चुकलं? आणि रेड सॉक्सचा बॉलर शिलिंग, त्याच्या घोट्याचे टाके, डॉक्टरांनी आधी मृतदेहाच्या पायावर सराव केला होता, असं कोणी कादंबरीत लिहिलं तर आपण म्हणू काहीतरीच!

आकडेमोड:
टोपीवाल्याचं काहीच चुकलं नाही ताई. पण त्याची उधारी रूथच्या नावावर कोणी मांडली? श्राप हा शब्द गाजला १९९० च्या एका पुस्तकानंतर. तोवर म्हातारे मालकांनाच शिव्या घालत होते, आणि ते जास्त बरोबर होतं.

फेनवेचा_वारकरी:
१९४५ च्या ट्रायलचं मला खरंच माहीत नव्हतं, रात्री वाचत बसलो. हा विषय निघाला की हात आखडता घेतात लोक, मी पण घेतला असता. तरी रडू आलं ते खोटं नव्हतं राव. २००१ ला ईडनवर फॉलोऑन मिळूनही लक्ष्मण-द्रविड दिवसभर खेळले तेव्हा निवड समितीचं राजकारण कोण आठवत बसलं होतं? पुढे वर्ल्ड सिरीजमध्ये कार्डिनल्सला ४-० हरवलं, वर चंद्रग्रहण, पण तो भाग मी दरवेळी चहा करता करताच बघतो, खरी फायनल यांकीजबरोबरच झाली होती.

गंमत म्हणजे पोरीला शेजारी बसवलं होतं, ती २००८ ची. सगळं बघून म्हणते, बाबा, एवढं काय रडताय, आपण तर २०१३ ला जिंकलो, २०१८ ला पण जिंकलो.

ब्रॉंक्सचा_बंड्या:
तिला आधी ८६ ची दाखवायची ना.