सीएनजी गाडी थंडीत सकाळी लंगडत सुरू होते, कोणी सांगेल का?

बी-३०४: नमस्कार मंडळी. थंडी पडल्यापासून गाडी सकाळी नीट उठत नाहीये. सेल्फ मारला की सुरू होते, पण मग सगळी थरथरते, आरपीएम खाली-वर, मध्येच बंदही पडते. एकदा गरम झाली की दिवसभर काही तक्रार नाही. कंपनी फिटेड सीएनजी, सहा वर्षं झाली. गॅरेजवाला म्हणतोय इंजेक्टर बदला, आणि आकडा बराच मोठा सांगतोय. काय करावं?

ए-१०२: बॅटरी बघ आधी. निफाडला पारा ६ वर आलाय म्हणे. बॅटऱ्या याच दिवसांत जातात.

सी-५०१: आमच्या डिझेलला मी कॉइलचा, म्हणजे इंजिन आधी तापवणाऱ्या हीटर प्लगचा, दिवा विझेपर्यंत थांबतो, मग एका सेल्फमध्ये उठते. तू थांबतोस का?

ए-६०२: डिझेलला ते अगदी बरोबर, पण पेट्रोल इंजिनात तो हीटर प्लग नसतोच. बी-३०४, लगेच काही बदलू नकोस. आधी एक सांग, सेल्फ मारल्यावर आवाज कसा येतो? घर्र... घर्र... असा जड, दम लागल्यासारखा? की नेहमीसारखा झपाझप फिरतो आणि इंजिनाने पकडल्यावर मग थरथर?

बी-३०४: झपाझप फिरतो काका. त्रास नंतरच.

ए-६०२: मग बॅटरी बहुतेक सुटली. थंडीत ऑइल घट्ट होतं, बॅटरीचा जोरही उतरतो, त्यामुळे कमजोर बॅटरी सेल्फ फिरवतानाच मान टाकते. तरी माझा मल्टिमीटर घेऊन जा. रात्रभर उभ्या गाडीत १२.५ व्होल्टच्या आसपास दाखवले आणि सेल्फ मारताना १० च्या खाली गेले नाहीत, तर बॅटरीवर एक रुपया घालू नकोस. आता टाकीत पेट्रोल किती आहे आणि कधी भरलंस ते सांग.

बी-३०४: एक काडी असते नेहमी. भरलं असेल दसऱ्याच्या सुमारास. पण काका, गाडी तर गॅसवरच चालते, पेट्रोलचा काय संबंध?

ए-६०२: सकाळी सगळा संबंध पेट्रोलशीच. तुझी गाडी सुरू होते ती पेट्रोलवर. इंजिनाचं पाणी तापलं की आपोआप गॅसवर जाते. गरम झाल्यावर तक्रार नाही म्हणतोस ना? म्हणजे गॅसवर गेल्यावर तक्रार नाही.
पेट्रोलमधला जो भाग चटकन उडतो त्याच्यावर थंड इंजिन पेट घेतं. पेट्रोल दोन-तीन महिने टाकीच्या तळाशी पडून राहिलं की नेमका तोच भाग आधी उडून जातो. शिवाय आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल येतं, ते हवेतला ओलावा धरतं. रिकाम्या टाकीत हवा जास्त. पाणी फार झालं तर ते इथेनॉलला घेऊन तळाशी बसतं, आणि टाकीतला पंप ओढतो तळातूनच. ब्राझीलमध्ये इथेनॉलवर चालणाऱ्या गाड्यांना कितीतरी वर्षं पेट्रोलची एक वेगळी छोटी टाकी देत असत, फक्त थंडीत सुरू करायला.

बी-७०३: बाप रे. आमचीही सीएनजी, आम्ही पेट्रोल जवळजवळ भरतच नाही.

ए-६०२: ताई, निदान पाव टाकी ठेवा. पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असतो, त्याला थंड ठेवतं ते पेट्रोलच. आठवड्यातून एकदा पाच-सात किलोमीटर पेट्रोलवर चालवा, म्हणजे इंजेक्टर चिकटत नाहीत.
बी-३०४, उद्या सकाळी एसी, लाइट, गाणी सगळं बंद ठेव. किल्ली नुसती ऑन कर. मागच्या सीटखालून पंपाचा बारीक गुंग्‌ असा आवाज येईल आणि दोन-तीन सेकंदांत थांबेल. बंद कर, परत ऑन कर. असं दोन-तीनदा करून मग सेल्फ मार. नीट उठली तर रात्रीतून पाइपातला दाब उतरतोय. फरक पडला नाही तर पेट्रोल नाहीतर ठिणगी पाडणारे स्पार्क प्लग.

ए-१०२: काका एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. ऐका त्यांचं.

ए-१०१: एक विनंती आहे. गरम करायला म्हणून खिडकीखाली गाड्या दहा-दहा मिनिटं चालू ठेवतात. धूर थेट बेडरूममध्ये येतो, आईंना दमा आहे.

ए-६०२: अगदी रास्त बोललात. त्याची गरजच नाही. अर्धा-एक मिनिट थांबा आणि हळू निघा, इंजिन चालत्या गाडीत लवकर तापतं. थंड इंजिनाला रेस तर देऊच नका. आणि बेसमेंटमध्ये कोणीही गाडी चालू ठेवून उभं राहू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, कळतसुद्धा नाही.

बी-३०४: काका, रिपोर्ट. बॅटरी १२.६, सेल्फ मारताना १०.८. किल्लीच्या प्रयोगाने फरक नाही. मग १० लिटर ताजं पेट्रोल टाकलं आणि पेट्रोलवरच सोमेश्वरपर्यंत जाऊन आलो. आज बंद नाही पडली! थरथर आहे, पण थोडाच वेळ.

ए-६०२: छान. आता प्लग काढून बघ. गॅसला ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं. त्याने टोकं झिजून फट वाढली की थंडीत पेट्रोलवरही मिस मारते.

बी-३०४: फीलर गेजने मोजली, १.४ मिमी. मॅन्युअलमध्ये १.१ लिहिलंय.

ए-६०२: मिळाला तुझा चोर. चारही बदल, एकच नको.

बी-३०४: बदलले काका. आज ९ अंशांत एका सेल्फमध्ये उठली, आरपीएमचा काटा जागचा हलला नाही. इंजेक्टरला हातही लावला नाही. मनापासून आभार!

बी-७०३: काका, आमचीही बघाल का?

ए-६०२: रविवारी सकाळी सातला खाली या. शनिवारी रात्री उभी केलेली गाडी मी येईपर्यंत कोणी सुरू करू नका. इंजिन गारच हवं, नाहीतर काही कळायचं नाही.