पवई तलाव: साय तीच, पण एका काठाचा बॅण्ड येतो, दुसऱ्याचा नाही. मदत हवी

घाईत_एमएस्सी: मंडळी, लवकर सांगा, शुक्रवारी गाइडला रिझल्ट दाखवायचाय. दोन काठांवरून हिरवी साय आणली. मायक्रोस्कोपखाली दोन्हीकडे मायक्रोसिस्टिसच (निळं-हिरवं शेवाळ, म्हणजे सायनोबॅक्टेरिया). पीसीआरला (डीएनएचा ठराविक तुकडा वाढवून जेलवर त्याचा पट्टा, म्हणजे बॅण्ड, बघायचा) एकीचा झकास बॅण्ड, दुसरीचा पत्ताच नाही. काय चुकतंय?

जेलवाला: कोणत्या जीनचा बॅण्ड? प्राइमर (तो तुकडा हेरणारे छोटे डीएनए) कुठले?

घाईत_एमएस्सी: विषाच्याच, मायक्रोसिस्टिन हे विष बनवणाऱ्या एमसीवाय-ई जीनचा. 472 बेसपेअरवाला.

जेलवाला: त्याच डीएनएवर 16एस (सगळ्या बॅक्टेरियांत असतो तो जीन, पीसीआर चालतोय का बघायला) लावलंत? मायक्रोसिस्टिसचा बुळबुळीत थर डीएनएसोबत येतो आणि पीसीआर अडवतो. टेम्प्लेट (पीसीआरला घालता तो डीएनए) दहापट पातळ करा, थोडं बीएसए (अडथळा कमी करणारं प्रोटीन) घाला.

पवईकर: त्या जलपर्णीचं आधी कुणीतरी बघा हो!

सूक्ष्मदर्शी: सगळं खापर पीसीआरवर का? एकाच सायीत विषारी आणि बिनविषारी स्ट्रेन (एकाच जातीचे उपप्रकार) शेजारी नांदतात, दिसायला सारख्याच. मायक्रोसिस्टिनचा जीन-समूह सुमारे 55 किलोबेसचा, तो नसेल तर बॅण्ड येणार कुठून? रॅफिडिऑप्सिस ही दुसरी सायनोबॅक्टेरिया घ्या: ऑस्ट्रेलियातली सिलिंड्रोस्पर्मॉप्सिन हे विष बनवते, ब्राझीलमधली सॅक्सिटॉक्सिन हे वेगळंच.

जेलवाला: ब्राझील राहू द्या साहेब. 16एस नाही आला तर स्ट्रेनची चर्चाच फुकट.

सूक्ष्मदर्शी: आणि आला तर? जीन असूनही विष बनेलच असं नाही. एलायझा (थेट विष मोजणारी चाचणी) लागतेच.

मत्स्यछंदी: माझ्या टाकीत अस्संच झालेलं. लाइट बंद करून काळं कापड टाकलं, साफ!

घाईत_एमएस्सी: काका, तलावावर कापड?

सुगरण_अंधेरी: हे पाणी आमच्या नळाला येतं का? उकळलं तर चालेल ना?

सूक्ष्मदर्शी: नाही ताई, पवईचं पाणी पिण्यासाठी देत नाहीत. पण मायक्रोसिस्टिन उकळून जात नाही, उलट पेशी फुटून पाण्यात उतरतं.

घाईत_एमएस्सी: 16एस लावलं. दुसऱ्या काठाचा तोही नाही! ते सॅम्पल लुगॉलमध्ये (आयोडीनच्या द्रावणात) होतं, त्याने फरक पडतो?

जेलवाला: हे आत्ता सांगताय! आणि पहिलं?

घाईत_एमएस्सी: बर्फात.

जेलवाला: मग काठांची तुलना कसली, ही बाटल्यांची तुलना झाली. आयोडीन पीसीआरला बाधतं. ताजं आणा.

सूक्ष्मदर्शी: आणि दोन्ही एकाच सकाळी. या पेशींत गॅसच्या पोकळ्या असतात, साय वर तरंगते, वारा फिरला की सगळी दुसऱ्या काठाला.

पवईकर: बाटली बुडवायच्या आधी मगर बघा म्हणजे झालं.