हाफटाइमला ड्रेसिंग रूममध्ये कोण असावं? आणि कॅप्टन कुणी ठरवावा?

हाफलाइन

कोल्हापूरच्या फुटबॉलवर आपण बोलतो ते परदेशी खेळाडू किती घ्यावेत, शाहू स्टेडियमच्या गॅलरीत राडा कुणी सुरू केला, यंदा कुठल्या पेठेचा संघ तगडा, एवढ्यावरच. दाराआडच्या त्या पंधरा मिनिटांबद्दल कुणी बोलत नाही. माझ्या मते आपल्या निम्म्या मॅचेस तिथंच हातातून जातात.

एका मॅचला मी आमच्या संघाचं किट सांभाळायला होतो. (संघाचं नाव लिहीत नाही. खाली कुणी अंदाजही बांधू नयेत ही विनंती.) हाफटाइमला आम्ही एका गोलनं मागं. गोलकीपर कोवळं पोरगं, सीनियर संघात नुकतंच घेतलेलं. बाकावर बसून ग्लोव्हजची मनगटावरची पट्टी नुसती उघडत होतं आणि परत चिकटवत होतं. तेवढ्यात सात-आठ जण आत घुसले. पदाधिकारी, जुने खेळाडू, वर्गणी देणारे. एकानं सगळ्यांदेखत त्याला विचारलं, "किती घेतलेस रं?" म्हणजे समोरच्यांकडून पैसे किती घेतलेस. पोरगं गप्प. कॅप्टन त्याच्या शेजारी वाकून बुटाची लेस बांधत होता, ती लेस काही त्याची बांधून होईना. प्रशिक्षकांच्या हातात सोंगट्यांचा बोर्ड होता, तो उघडलाच नाही. रेफ्रींनी बोलावलं तेव्हा डाव्या बाजूनं आपण का फाटतोय यावर एक शब्द झाला नव्हता. पुढच्या हाफात आणखी दोन खाल्ले.

नियमानं हाफटाइम जास्तीत जास्त पंधरा मिनिटांचा. तेवढ्यात काय होऊ शकतं ते २००५ च्या चॅम्पियन्स लीग फायनलमध्ये जगानं पाहिलं. इस्तंबूलला लिव्हरपूल हाफटाइमला मिलानच्या मागं ३-०. लिव्हरपूलचे प्रशिक्षक बेनिटेझनं आधी डिफेंडर त्राओरेला बाहेर काढायचं ठरवलं होतं. मग कळलं की दुसरा डिफेंडर फिनन दुखावलाय, म्हणून त्राओरेला परत बोलावलं, फिननच्या जागी मिडफिल्डर हामनला उतरवलं आणि मागं तीन डिफेंडर केले. ५४व्या मिनिटाला कॅप्टन जेरार्डचा हेडर, आणि पुढच्या सहा मिनिटांत ३-३. ज्याला बाहेर काढलं होतं त्याच त्राओरेनं नंतर गोललाइनवरून बॉल काढला. शेवटी पेनल्टीवर कप जिंकला. त्या खोलीत त्या वेळी आठ जण घुसून "किती घेतलेस" विचारत असते तर हा बदल सुचला असता का?

दुसरं, कॅप्टनच्या पट्टीचं. आपल्याकडं ती वयानं थोरला असतो त्याला मिळते, नाहीतर ज्याच्या घरानं तालमीसाठी खस्ता खाल्ल्या त्याला. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात, जिथं आपला अनिकेत जाधव भारताकडून खेळला, प्रशिक्षक मातोस यांनी खेळाडूंचीच मतं घेतली आणि त्यातून अमरजित सिंग कॅप्टन झाला. सोळा-सतरा वर्षांच्या पोरांना हे जमतं.

म्हणून माझ्या दोन मागण्या. हाफटाइमला आत फक्त खेळाडू, प्रशिक्षक आणि फिजिओ. आणि कॅप्टन खेळाडूंनी चिठ्ठ्या टाकून निवडायचा.

लाल माती

भावा, त्या पोराला जे विचारलं ते वाईटच. माझ्यासमोर कुणी विचारलं असतं तर मी त्याला हाताला धरून बाहेर काढला असता. पण एका तोंडाळ माणसापायी सगळ्या तालमीला दाराबाहेर उभं करतोयस, हे मला पटलं न्हाई.

आपला फुटबॉल क्लबात जन्मला न्हाई, तालमीत जन्मला. शाहू महाराजांनी कुस्तीला आसरा दिला, पेठापेठांत आखाडे घुमले, आणि त्याच आखाड्यांची पोरं पुढं बॉलमागं पळाली. आखाड्यात वस्तादाचा शब्द शेवटचा. पठ्ठ्याला मत विचारत न्हाईत, "उठ, अजून शंभर मार" म्हणतात, आणि तो मारतो. त्या शिस्तीवर हे सगळं उभं हाय.

दुसरं म्हणजे हक्काचं. तू ज्यांना "वर्गणी देणारे" म्हणून एका शब्दात गुंडाळलास, त्यांनी काय केलंय ते मी डोळ्यांनी बघितलंय. आमच्या एका विंगरचं गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. पोरगं गवंड्याच्या हाताखाली जाणारं. ऑपरेशनचे पैसे तालमीनं दारोदार फिरून गोळा केले, आणि तो सहा महिने घरी होता तर त्याच्या घरचं रेशन कुणी बंद पडू दिलं न्हाई. २०१९ च्या महापुरात हेच पदाधिकारी आणि हेच खेळाडू कमरेएवढ्या पाण्यातनं म्हाताऱ्या माणसांना बाहेर काढत होते. असली माणसं हाफटाइमला दोन शब्द बोलली तर बिघडलं काय? तो हक्क त्यांनी कमावलाय.

चिठ्ठ्या टाकून कॅप्टन म्हणजे तर गटबाजीला आवतण. आमचे आठ आणि बाहेरून आणलेले पाच, असं मोजायला सुरुवात होईल.

शिट्टी

मी स्थानिक सामन्यांना रेफ्री म्हणून उभा राहतो, तेव्हा मला दिसतं ते सांगतो.

आपल्याकडं फाऊल दिला की सहा-सात जण अंगावर येतात. कॅप्टन त्यात असतो, पण सातांतला एक म्हणून. युरो २०२४ मध्ये युएफानं, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेनं, नियम केला की रेफ्रीशी बोलायला फक्त कॅप्टननं यायचं, बाकी कुणी आला तर पिवळं कार्ड. कॅप्टन गोलकीपर असेल तर मैदानातला एक खेळाडू आधी ठरवून सांगायचा. खेळाच्या नियमांच्या पुस्तकात कॅप्टनला कुठलाही खास मान दिलेला नाही. संघाच्या वागणुकीची काही जबाबदारी तेवढी त्याच्यावर आहे. हे इथल्या किती कॅप्टनना ठाऊक आहे?

ज्याच्या शब्दाला ड्रेसिंग रूममध्ये किंमत नाही, तो मैदानावर "मागं व्हा रे" म्हणाला तर कोण मागं होणार? ज्या दिवशी आतून आरडाओरडा ऐकू येतो त्या दिवशी दुसऱ्या हाफात मला कार्डं जास्त काढावी लागतात. पोरं आतला राग बाहेर काढतात, आणि तो समोरच्याच्या नडगीवर निघतो.

पेठेचा पाईक

हाफलाइनदादांना शंभर टक्के पाठिंबा. आमच्यात तर बाहेरचे लोक आत येऊन मोबाइलवर व्हिडिओ काढतात आणि मॅच संपायच्या आत स्टेटसला टाकतात.

जुना स्टॉपर

मी या मैदानावर बरीच वर्षं खेळलो. आम्हाला सीनियर खेळाडूंनी फोडून काढलं, बॅगा उचलायला लावल्या, चुकलो की सगळ्यांसमोर झापलं. त्यातूनच तयार झालो. आज पोराला जरा मोठ्या आवाजात बोललं की दुसऱ्या दिवशी तो दुसऱ्या संघाशी बोलणी करतो.

आणि हाफलाइन, तुम्ही परदेशातलं सोयीचं तेवढं उचललंत. २०१० च्या विश्वचषकातला फ्रान्सचा संघ आठवा. मेक्सिकोविरुद्ध हाफटाइमलाच, तुमच्या त्याच बंद दाराआड, त्यांचा फॉरवर्ड अनेल्का प्रशिक्षक डोमेनेकना नको ते बोलला. पेपरात छापून आलं, त्याला घरी पाठवलं. मग सगळ्या खेळाडूंनी सरावालाच नकार दिला आणि बसमध्ये जाऊन बसले. त्यांचं पत्रक बिचाऱ्या प्रशिक्षकाला वाचून दाखवावं लागलं. कॅप्टन एव्हरा खेळाडूंच्या बाजूनं उभा होता, आणि त्यावरून त्याच्यावर पाच सामन्यांची बंदी आली. संघ गटात तळाला, एक गुण. खोली खेळाडूंच्या ताब्यात दिली की असं होतं. वरती दराऱ्याचं माणूस पाहिजेच.

हाफलाइन

स्टॉपर काका, उदाहरण बिनतोड आहे. पण त्यातून मला उलटं दिसतं. त्या संघात डोमेनेक यांच्यावर कुणाचा भरवसा उरला नव्हता, आणि राग योग्य वेळी योग्य शब्दांत प्रशिक्षकांपर्यंत नेईल असा कुणी नव्हता. एव्हरानं खेळाडूंची बाजू घेतली हे खरं, पण कॅप्टननं दोन्हीकडं बोलायचं असतं. तो दुवा तुटला म्हणून गोष्ट बसपर्यंत गेली. दराऱ्यानं ती थांबली नसती, आणखी लवकर फुटली असती.

माझ्या डोळ्यांसमोर कॅप्टन म्हणून डेन्मार्कचा सिमोन केअर आहे. १२ जून २०२१, कोपनहेगन, डेन्मार्क विरुद्ध फिनलंड. डेन्मार्कचा एरिक्सन मैदानात कोसळला. हृदय बंद पडलं होतं. केअर सगळ्यांत आधी पोचणाऱ्यांतला. डॉक्टर उपचार करत असताना खेळाडूंनी त्याच्याभोवती तोंडं बाहेर करून कडं केलं, म्हणजे कॅमेऱ्याला आणि गॅलरीला काही दिसू नये. एरिक्सनची जोडीदार मैदानात आली तर तिला केअर आणि गोलकीपर श्मायकेलनं सावरलं. ती मॅच डेन्मार्क हरला, पुढचीही हरला, आणि तरी सेमीफायनलला गेला. आपल्या माणसाची लाज झाकायची तर बाकीच्यांनी त्याच्याभोवती उभं राहायचं असतं. आमच्या खोलीत त्या गोलकीपरभोवती कुणी उभं राहिलं नाही, हे माझं दुखणं आहे.

लाल माती, वस्तादाबद्दल तू लिहिलंस ते मलाही मान्य आहे. पण वस्ताद रोज पहाटे आखाड्यात असतो. कुठल्या पठ्ठ्याचा खांदा दुखतोय, कुणी काल जेवलं नाही, हे त्याला ठाऊक असतं. म्हणून त्याची शिवीही अंगाला लागते. आमच्यात हाफटाइमला जे घुसले त्यातले किती जण गांधी मैदानावर सरावाला आले होते? प्रशिक्षक रोज येतात. मग वस्ताद कोण? आणि कुस्तीत पठ्ठ्या एकटा असतो. इथं अकरा जणांना एकमेकांचं ऐकायचं असतं, आणि बॉल पायात असताना बाहेरून कुणी ओरडून काही होत नाही.

गुडघ्याच्या ऑपरेशनचं वाचून डोळे भरले. त्या माणसांना माझा नमस्कार. पण मदत करणाऱ्याला मान द्यायला सगळा हंगाम आहे. तो मान त्या पंधरा मिनिटांतूनच वसूल करायचा का?

निळी जर्सी

मी मुलींच्या संघात खेळते. तुमची भांडणं वाचताना एक गोष्ट लिहावीशी वाटली. आमच्या ड्रेसिंग रूममध्ये कुणी घुसत नाही, कारण आम्हाला ड्रेसिंग रूमच नसते. बाहेरगावी गेलो की शाळेचा एखादा वर्ग मिळतो, खिडक्यांना ओढण्या बांधून कपडे बदलतो. आणि हाफटाइमला दोन शब्द बोलायला तालमीतलं कुणी येत नाही. लाल माती दादा, तुमचे पदाधिकारी आमच्याकडं आले तर आम्ही बसायला खुर्ची देऊ.

पण कॅप्टन आम्ही मतानंच निवडतो. निवडली ती सगळ्यांत चांगली खेळणारी नव्हती. बाहेरगावच्या स्पर्धेला एका मुलीच्या घरून सोडायला तयार नव्हते, तर ही तिच्या घरी गेली, आजीशेजारी बसून भाकऱ्या थापू लागली आणि रात्री परवानगी घेऊनच उठली. कुठल्या मुलीला पाळीत त्रास होतो, कुणाची शेवटची एसटी कितीला आहे, हे तिला पाठ आहे. स्टॉपर काका म्हणतात तसं झापतेही. पण बाजूला नेऊन. गटबाजी म्हणाल तर मतदानाआधी होती तेवढीच आजही आहे, फक्त आता ती आमच्यातल्या आमच्यात बोलून मिटते.

जुना स्टॉपर

ताई, खोली नाही हे वाचून वाईट वाटलं. त्याबद्दल आधी बोलायला हवं होतं.

कॅप्टनबद्दल माझं मत बदललेलं नाही. मुलींच्या संघावर पेठेच्या ईर्ष्येचं ओझं नाही. सीनियर लीगच्या मॅचला गॅलरी भरलेली असते, हरलो तर पोराला पेठेत आठवडाभर ऐकून घ्यावं लागतं. तिथं मतानं निवडलेला विशीतला कॅप्टन टिकणार नाही. त्याच्या पाठीशी थोरलं माणूस लागतं.

शिट्टी

काका, पाठीशी थोरलं माणूस असू द्या की. पुढ्यात उभं राहू नका एवढंच म्हणणं आहे.

लाल माती

निळी जर्सी, तू लिहिलेलं मी आमच्या मंडळाच्या ग्रुपवर टाकलंय. वर्गाचं आणि खिडक्यांचं. तुला चालेल असं धरतो, नसेल तर सांग, काढतो.

हाफलाइन, सरावाला न येणाऱ्यानं हाफटाइमला येऊ नये, इथपर्यंत मी आलो. पण "फक्त खेळाडू, प्रशिक्षक, फिजिओ" न्हाई. तालमीचा एक माणूस आत पाहिजे. एकच. आणि त्यानं प्रशिक्षकाचं झाल्याशिवाय तोंड उघडायचं न्हाई. चिठ्ठ्यांना माझा विरोध कायम. बाहेरून आलेल्या पोरांना पेठ काय हे ठाऊक नसतं, ती कुणाला मत देणार?

हाफलाइन

एक माणूस चालेल, पण तो कोण हे प्रशिक्षकांनी ठरवायचं, मंडळानं नाही. यावर अडून राहणार.

बाहेरून आलेल्यांचं म्हणशील तर तीही आपल्याच जर्सीत पडतात, झडतात. सरावात आपल्याशी नीट कोण वागतं हे त्यांना आपल्याहून चांगलं कळतं. त्यांचंच मत मला आधी ऐकायचंय.

नवा हंगाम सुरू व्हायच्या आधी आमच्या तालमीची बैठक असते. दोन्ही मुद्दे लेखी देणार आहे, आणि मुलींच्या संघाला कपडे बदलायला जागा हा तिसरा, सगळ्यांत वर.

लाल माती

तिसऱ्याला आमच्या मंडळाचाही पाठिंबा मिळवतो, तू तुझ्या पत्रात तसं लिही. चिठ्ठ्यांचा विषय आमच्या बैठकीत निघाला तर मी उभं राहून विरोधात बोलणार, हे आत्ताच सांगून ठेवतो.