मदत हवी आहे : वाइल्डलँड्सनंतर ब्रेकपॉइंट घेतला, पण ती मजाच येत नाहीये, कुठे चुकतंय?

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. जरा लांबलाय, पण नीट सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही म्हणून सगळंच लिहितो.

घोस्ट रिकॉन वाइल्डलँड्स मी आणि माझा मावसभाऊ मिळून खेळायचो. तो माझ्यापेक्षा मोठा, मी दादाच म्हणतो. गेम २०१७ चा, आम्ही बराच उशिरा सुरू केला आणि मग एक वर्ष दुसरं काही खेळलोच नाही. बोलिव्हिया, तिथलं सांता ब्लांका नावाचं ड्रग कार्टेल, वर बसलेला एल सुएन्यो, वगैरे. स्टोरी ठीकच आहे, निम्मे डायलॉग मला आता आठवतही नाहीत. आठवतं ते टेकडीवर पालथं पडून राहणं.

म्हणजे बघा, खाली एक तळ आहे, चौदा-पंधरा माणसं असतील, दोन टॉवरवर स्नायपर, एक जनरेटर, एक अलार्म. आम्ही दोघं दोन बाजूंनी वर चढायचो, ड्रोन सोडायचो, एकेकाला मार्क करायचो आणि मग वीस वीस मिनिटं नुसतं बोलत बसायचो. जनरेटर आधी फोडायचा का? फोडला तर लाइट जातील पण ते सावध होतील. हा टॉवरवाला दर थोड्या वेळाने पाठ फिरवतो तेव्हा घ्यायचा का? दादा म्हणणार, "तू डावीकडचा घे, मी उजवीकडचा, तीनला." दोघं माणसं खेळत असली की कॉम्प्युटरचे साथीदार नसतात, त्यामुळे तो एक-दोन-तीन आपल्यालाच मोजायला लागतो, आणि दोन्ही गोळ्या एकाच वेळी लागल्या आणि खाली कुणाला पत्ताच लागला नाही की जे वाटतं ते मला दुसऱ्या कुठल्या गेममध्ये कधी वाटलेलं नाही.

आणि प्लॅन फसला तरी मजाच. एकदा युनिदादची (म्हणजे तिथलं सरकारी सशस्त्र दल) गस्त मागच्या रस्त्याने आली, त्यांची कार्टेलवाल्यांशीच जुंपली, आम्ही दोघं मध्ये झुडपात श्वास रोखून. कुणी लिहून ठेवलेला सीन नव्हता तो, आपोआप घडला. 'मिशन फेल' असं काही आलं नाही, आम्ही सरपटत बाहेर पडलो, एक जीप उचलली आणि पार त्या पांढऱ्याशुभ्र मिठाच्या मैदानात जाऊन थांबलो.

तर माझ्या मते ओढ गोळीबाराची नाहीये. गोळीबार तर सगळ्याच गेममध्ये असतो. ओढ याची आहे की समोर एक जिवंत जागा आहे, तिथल्या लोकांचा आपापला दिनक्रम चाललाय, आणि कुठून शिरायचं, कधी शिरायचं, शिरायचं की नाही हे कुणी मला सांगत नाहीये.

आता अडचण. दादाच्या कामाच्या वेळा बदलल्या, घरात बाळ आलंय, त्याला जमत नाही आणि मी आग्रहही करत नाही. मी एकट्यासाठी ब्रेकपॉइंट (याच मालिकेतला पुढचा गेम) घेतला. बेट सुंदर आहे, चिखलात लोळून अंगाला चिखल फासून लपता येतं, पाय दुखावला की लंगडत चालावं लागतं, हे सगळं आवडलं. पण प्रत्येक बंदुकीवर आकडा, प्रत्येक टोपीवर आकडा, जुनी टाकून नवीन घाल, स्क्रीनभर बाण आणि खुणा. तळाकडे बघायचं सोडून मी खुणांकडे बघत चालतो. दहा तास खेळलो, एकदाही टेकडीवर थांबावंसं वाटलं नाही.

विचारायचं एवढंच: हे सेटिंगमधून सुधारता येतं का, की गेमच तसा आहे? आणि एकट्याने, रात्री तासभर खेळता येईल असं या जातीचं दुसरं काय आहे? ऑनलाइन इतरांशी मारामारी नको. पीसी आहे, गेमपॅड आहे.

प्रतिसाद १

गेम निघाला तेव्हा (२०१९) जवळजवळ सगळ्यांची हीच तक्रार होती. सोबत एआय साथीदारसुद्धा नव्हते, ते २०२० च्या जुलैत आले. पण तुम्ही आता खेळताय तर उपाय आहे. सेटिंगमध्ये घोस्ट एक्स्पिरियन्स शोधा, तिथे गिअर लेव्हल बंद होते, म्हणजे आकडे गेले, आवडेल ती बंदूक शेवटपर्यंत वापरा. त्यातला इमर्सिव्ह हा प्रकार निवडलंत तर मोठी बंदूक एकच बाळगता येते, बँडेज मोजकी. मग एक्सप्लोरेशन मोड लावा. त्यात बाण मिळत नाही, 'अमुक नदीच्या पूर्वेला' असे धागेदोरे मिळतात आणि जागा आपली आपण शोधायची. आणि एचयूडीमधून (म्हणजे स्क्रीनवर दिसणाऱ्या खुणा-माहितीतून) एकेक गोष्ट काढून टाका, कोपऱ्यातला छोटा नकाशा (मिनीमॅप) सगळ्यात आधी. फक्त एक, एकटे खेळलात तरी इंटरनेट चालू लागतं, त्याला इलाज नाही.

प्रतिसाद २

तुम्ही जे वर्णन केलंय ते वाचून एकच नाव येतं, मेटल गिअर सॉलिड ५ : द फँटम पेन. २०१५ चा आहे पण शत्रूच्या डोक्याच्या बाबतीत अजून याच्या जवळ कुणी आलेलं नाही हे माझं ठाम मत. १९८४ चा अफगाणिस्तान, सोव्हिएत चौक्या, तुम्ही एकटे, फार तर सोबत कुत्रा किंवा घोडा. तुम्ही सारखे डोक्यात गोळ्या घालायला लागलात की काही दिवसांनी सैनिक हेल्मेट घालून दिसायला लागतात. रात्रीच जात राहिलात की नाइट व्हिजन येतं. म्हणजे तुमची सवय ते ओळखतात. मग तुम्ही तुमची माणसं पाठवून त्यांचा हेल्मेटचा पुरवठाच तोडायचा! चौकीवरचं रेडिओचं यंत्र उडवलंत तर त्यांना वरती कुमक मागता येत नाही. सुरुवातीला सैनिक रशियन बोलतात ते आपल्याला कळत नाही, चौकशी करून उपयोग नाही, आधी एक दुभाषा पकडून आणावा लागतो, तो आणला की मग सगळं समजायला लागतं. मी तो दुभाषा मिळाल्यावर जुन्या चौक्यांवर परत गेलो होतो, नुसतं ऐकायला. स्टोरी शेवटी अर्धवट सोडल्यासारखी वाटते हे आधीच सांगतो, पण तुम्ही स्टोरीसाठी येत नाही आहात.

प्रतिसाद ३

वरच्या दोघांना +१, पण आर्मा ३ चं नाव कुणीच कसं घेतलं नाही? ऑपरेशन फ्लॅशपॉइंट (२००१) पासून ही बोहिमियावाली (म्हणजे हे गेम बनवणारी कंपनी) मंडळी हेच करत आलीत. आर्मा ३ मधलं आल्टिस हे बेट ग्रीसच्या लिम्नॉसवर बेतलेलं, साधारण २७० चौरस किलोमीटर. त्यांचे दोन कर्मचारी २०१२ मध्ये लिम्नॉसवर फोटो काढताना हेरगिरीच्या आरोपाखाली पकडले गेले आणि चार महिन्यांहून जास्त तुरुंगात होते, इतकी ती जागा खरी आहे. इथे गोळी लांबवर खाली पडते, अंतर बघून बंदुकीचा नेम जुळवून घ्यावा (झिरो करावा) लागतो, आणि आपल्याला एक लागली की बहुतेक संपलंच. अँटिस्टासी नावाचा मॉड (खेळाडूंनीच बनवलेली जोड) आहे, मूठभर बंडखोर घेऊन आख्खं बेट सोडवायचं, एकट्यानेही चालतो. पण पॅड विसरा, कीबोर्डवरची प्रत्येक की वापरावी लागते आणि पहिले काही दिवस चिडचिड होते. तासभराच्या हिशोबात बसेल का हे तुम्हीच ठरवा.

प्रतिसाद ४

गेम सुचवत नाहीये, एक गोष्ट मनात आली म्हणून लिहितो. वाइल्डलँड्सवर खऱ्या बोलिव्हियाच्या सरकारने आक्षेप घेतला होता, फ्रेंच दूतावासाकडे रीतसर तक्रार केली होती, आपला देश कार्टेलच्या हातात गेलेला दाखवलाय म्हणून. मी स्वतः तो गेम दोनदा संपवलाय, आवडतो. पण तेव्हापासून खऱ्या देशापेक्षा काल्पनिक बेट मला बरं वाटतं.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. प्र. ४, हे मला माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर त्या मिठाच्या मैदानाचे फोटो मी गेम खेळल्यावरच शोधून बघितले आणि मग तिथल्या लोकांबद्दल थोडंफार वाचलं, त्यामुळे त्यांना का लागलं असेल ते कळतं. यावर अजून विचार करतोय.

प्र. १, तुम्ही सांगितलं तसं काल सगळं बंद केलं. पहिली पंधरा मिनिटं मी कुठे आहे तेच कळेना. मग नकाशा उघडला, नदी शोधली, तिच्या काठाने वर गेलो आणि धुक्यात एकदम एक कुंपण दिसलं. त्याच्यावर बाण नव्हता, नाव नव्हतं. झोपलो तिथेच गवतात, दुर्बीण काढली. दोघं जण गाडीपाशी उभे, एक आत-बाहेर करतोय. मी बहुतेक पाऊण तास तिथेच होतो, एकही गोळी झाडली नाही, आणि झोपायची वेळ झाली म्हणून गेम बंद करून उठलो. उठल्या उठल्या दादाला मेसेज टाकला. त्याचा सकाळी रिप्लाय, "जनरेटर कुठे आहे ते बघितलंस का?"

नव्हतं बघितलं. आज बघणार.

एक शेवटचं, प्र. २ साठी: फँटम पेनच्या आधी त्याच मालिकेतला ग्राउंड झीरोज खेळावा लागतो का?

प्रतिसाद २

लागतो असं नाही पण खेळाच. २०१४ चा आहे, छोटासा, एकच लष्करी तळ आणि पाऊस. मुख्य मिशन एका बैठकीत होतं, आणि फँटम पेनची सुरुवात तिथूनच पुढे जाते. नंतर त्याच तळावर वेगळ्या वेळी, वेगळ्या कामासाठी परत परत जाता येतं. तुम्हाला तेच जास्त आवडेल बहुतेक.

धागाकर्ता

डाउनलोडला लावलाय. दादाला पण सांगतो, तो नुसता बघत बसला तरी चालेल.