बाबांना 'द लास्ट ऑफ अस' मालिकेचा फक्त तिसरा भाग दाखवला तर कळेल का?

मंडळी, मदत हवी आहे. बाबांना झॉम्बी वगैरे प्रकार अजिबात झेपत नाही. रक्त दिसलं की उठून गॅलरीत जातात. पण पहिल्या सीझनचा तिसरा भाग, 'लाँग, लाँग टाइम' (२०२३), त्यांनी पाहावाच असं मला फार वाटतंय. बुरशीने पछाडलेली माणसं त्यात जवळपास नाहीतच. मॅसॅच्युसेट्समधल्या ओसाड गावात तारेच्या कुंपणाआड एकटा राहणारा माणूसघाणा बिल आणि त्याच्या सापळ्यात पडलेला फ्रँक, यांचा २००७ ते २०२३ पर्यंतचा संसार, बस्स. फ्रँक गुपचूप बिलचीच एक बंदूक देऊन स्ट्रॉबेरीचं बी आणतो. पहिलं फळ तोंडात टाकल्यावर तो दाढीवाला गडी जो काही खिदळतो! बिल साकारणाऱ्या निक ऑफरमनला टीव्हीचं एमी पारितोषिक उगाच नाही मिळालं.

आता अडचण. मालिकेतली जोएल, एली आणि टेस ही पात्रं कोण, हे आधी किती सांगावं? दोन वाक्यांत भागेल, की पहिला भाग दाखवावाच लागेल? (त्यात जोएलच्या मुलीला, साराला, लागणारी गोळी बाबांना सोसणार नाही.) शिवाय शेवट जड आहे: आजारी फ्रँक ठरवून निरोप घेतो. बाबा पंचाहत्तरीचे आहेत. कुणी घरच्या ज्येष्ठांना दाखवलाय का? त्यांनी कसं घेतलं?

आणि गेमवाल्यांनो, ही मालिका ज्या व्हिडिओ गेमवर बेतलीय, त्यातला फ्रँक बिलला कडवट चिठ्ठी लिहून जातो हे मला माहीत आहे. ते कृपया बाबांसमोर काढू नका.