जुन्या स्कॅनमधल्या खुणा : स्वादुपिंडाचा कर्करोग आधी दिसतो, की मागाहून दिसतो?

पाऊलखुणा
वडिलांचा स्वादुपिंडाचा कर्करोग कळला तेव्हा तो यकृतात पोचला होता. कावीळ नव्हती, पोटदुखीही नावापुरतीच. सव्वा वर्षापूर्वी एकाएकी साखर वाढली होती आणि वजन उतरत होतं. पथ्य पाळताहेत म्हणून उतरतंय, असं आम्ही सगळे धरून चाललो. साखर वाढून दोन महिने झाले असतील, तेव्हा मुतखड्याच्या शंकेवरून त्यांचा पोटाचा सीटी झाला. अहवालात स्वादुपिंडापुढे एकच शब्द होता, नॉर्मल.

निदानानंतर दुसऱ्या एका रेडिओलॉजिस्टांनी तो जुना सीटी माझ्यासमोर उघडला. माउसने एकेक काप पुढे सरकवत ते एका जागी थांबले आणि पेनाच्या टोकाने दाखवलं : स्वादुपिंडाची पाचकरस वाहणारी नलिका इथपर्यंत जराशी फुगलेली आहे आणि इथे तुटल्यासारखी संपते. तिथून शेपटाकडचा भाग वाळलेल्या शेंगेसारखा बारीक. गाठ कुठेच दिसत नव्हती.

कुणाला दोष द्यायला हे लिहीत नाही. २०१० मध्ये 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात एक अभ्यास आला होता. जनुकांतल्या बदलांवरून काढलेला त्यांचा हिशेब असा : पहिल्या बिघाडापासून खरी कर्करोगाची पेशी तयार व्हायला सरासरी ११.७ वर्षं, आणि तिला इतरत्र पसरण्याची ताकद यायला आणखी ६.८ वर्षं. म्हणजे हा आजार वर्षानुवर्षं आत बसून असतो आणि आपण शेवटच्या काही महिन्यांत दार ठोठावतो. म्हणून मी ठामपणे म्हणते की कुठल्याही कारणाने पोटाचा सीटी झाला, तर त्यातलं स्वादुपिंड संगणकाकडून पुन्हा वाचून घ्यावं. स्कॅन झालेलाच असतो. नवा किरणोत्सर्ग नाही, नवी सुई नाही. मग का नको?

अल्पविराम
पाऊलखुणा, वडिलांबद्दल वाचून फार वाईट वाटलं. तरी मी तुमच्या विरुद्ध बाजूने बोलणार आहे, कारण त्या बाजूला मी सहा वर्षं राहतोय.

पित्ताशयाच्या खड्यांसाठी एमआरआय झाला आणि स्वादुपिंडात ९ मिलिमीटरचं सिस्ट, म्हणजे द्रवाने भरलेली पिशवी, सापडलं. 'बहुधा काही नाही, पण लक्ष ठेवू.' तेव्हापासून दरवर्षी त्या नळीत आडवं व्हायचं, श्वास रोखायचा, सोडायचा आणि अहवाल येईपर्यंत घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही. सिस्ट आजही ९ मिलिमीटरचंच आहे. वय वाढेल तशी अशी सिस्टं कितीतरी जणांत सापडतात आणि त्यातली बहुतेक कधीच काही करत नाहीत.

दक्षिण कोरियात थायरॉइडचं हेच झालं. १९९९ नंतर सोनोग्राफीने धडाधड तपासण्या सुरू झाल्या. १९९३ च्या तुलनेत २०११ पर्यंत निदानं पंधरापट झाली आणि मृत्यू होते तेवढेच राहिले. हजारोंच्या ग्रंथी काढल्या गेल्या. इथे तर अवयव स्वादुपिंड आहे. व्हिपल शस्त्रक्रियेत स्वादुपिंडाचं डोकं, लहान आतड्याची सुरुवात, पित्ताशय, पित्तनलिकेचा तुकडा एवढं सगळं निघतं. नुसत्या शंकेवर हे कुणाच्या वाट्याला येऊ नये.

काळंपांढरं
रोज पोटाचे सीटी वाचते, म्हणून दोघांना मिळून सांगते.

हा कर्करोग तंतुमय ऊतींनी घट्ट भरलेला असतो, रक्त कमी खेचतो. शिरेतून कॉन्ट्रास्ट, म्हणजे स्कॅनमध्ये उजळ दिसणारं औषध, गेल्यावर साधारण ४० ते ४५ सेकंदांनी निरोगी स्वादुपिंड उजळतं आणि गाठ काळसर उरते. पुस्तकातलं चित्र ते. लहान गाठी मात्र पुष्कळदा आजूबाजूइतक्याच राखाडी असतात. तिथे गाठ शोधून उपयोग नसतो, तिने केलेली मोडतोड शोधायची : फुगलेली नलिका, तिचा अचानक आलेला शेवट, त्यापुढची सुकलेली ग्रंथी. पाऊलखुणांना पेनाने दाखवलं ते हेच. आणि मुतखड्यासाठीचा सीटी बिनकॉन्ट्रास्टचा असतो, तिथे हे सगळं आणखी पुसट.

निदानाच्या आधीचे स्कॅन काढून पुन्हा पाहिले, तर जवळपास निम्म्यांत अशी काहीतरी खूण सापडते, हे अभ्यासांत दिसलेलं आहे. पण तेव्हा पाहणाऱ्याला उत्तर माहीत असतं. नलिका तर वयानेही रुंदावते. सत्तरीतल्या माणसाची थोडी रुंद नलिका मी आठवड्याला पाहते आणि त्यातल्या बहुतेकांना काहीही होत नाही.

सूक्ष्मदर्शी
मी काचपट्टीच्या बाजूचा, पॅथॉलॉजीतला. 'लवकर' हा शब्द सगळे वापरताहेत, पण लवकर म्हणजे नेमकं काय?

बहुतेक कर्करोगांची सुरुवात पॅनिन नावाच्या बदलांतून होते. हे नलिकांच्या अस्तरातले, ५ मिलिमीटरहूनही लहान. कुठल्याही स्कॅनमध्ये थेट दिसत नाहीत. जॉन्स हॉपकिन्सच्या गटाने स्वादुपिंडाचे शेकडो पातळ काप संगणकात पुन्हा एकावर एक रचून त्रिमिती नकाशे केले. २०२४ च्या त्यांच्या निबंधात दर घन सेंटीमीटरला सरासरी १३ पॅनिन निघाले. हा हिशेब धरला तर एकेका ग्रंथीत शेकडो होतात. त्यातलं एखादंच कधीतरी कर्करोग होतं, आणि कुठलं होणार हे मलाही भिंगातून सांगता येत नाही.

११.७ वर्षांचा आकडा सात रुग्णांच्या नमुन्यांवरून गणिताने काढलेला आहे. २०१६ मध्ये 'नेचर'मध्येच शंभराहून जास्त गाठींचा अभ्यास आला. त्यात पुष्कळ गाठींमध्ये गुणसूत्रं एका झटक्यात चुरडून वेडीवाकडी जुळल्याच्या खुणा होत्या. म्हणजे काही कर्करोग पायऱ्या न चढता थेट उडी मारत असावेत. उडीचा फोटो काढणार कधी?

तरी काळंपांढरं यांच्या 'सुकलेल्या ग्रंथी'वर माझा भरवसा आहे. बारीक नलिका अडली की तिच्यात रिकामे होणारे कप्पे मरतात, त्या जागी चरबी भरते. जपानमध्ये ओनोमिची इथे या खुणांचा माग काढून, एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंड (तोंडातून दुर्बीण घालून आतून केलेली सोनोग्राफी) करून, अस्तराबाहेर न पडलेले कर्करोग पकडले गेले आहेत. मूळ बदल दिसत नाही, त्याची झीज दिसते.

गणिती
संगणकाचा मुद्दा आकड्यांत बघू. चीनमधल्या 'पांडा' या प्रणालीचा निबंध २०२३ मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये आला. बिनकॉन्ट्रास्ट सीटी, सलग आलेले २०,५३० रुग्ण. गाठ असलेल्यांपैकी ९२.९ टक्के पकडले, नसलेल्यांपैकी ९९.९ टक्क्यांना बरोबर 'नाही' म्हटलं. कुणीही भारावून जाईल.

आता एक लाख सर्वसाधारण माणसं घ्या. त्यात वर्षाला या कर्करोगाचे साधारण १३ रुग्ण धरा. यंत्र १२ पकडेल. हजारी एकाला चुकीचं 'हो' म्हणालं तरी १०० निरोगी माणसं रांगेत उभी राहतील. म्हणजे बोलावलेल्या नऊ जणांत एक खरा. अमेरिकेतल्या यूएसपीएसटीएफने, म्हणजे प्रतिबंधक तपासण्यांबद्दल शिफारशी करणाऱ्या तज्ज्ञमंडळाने, लक्षणं नसलेल्या, जास्त जोखीम नसलेल्या प्रौढांची चाळणी करू नका असं २००४ मध्ये सांगितलं आणि २०१९ मध्ये पुन्हा तेच सांगितलं. त्यामागे असलंच गणित आहे.

पाऊलखुणा
नऊत एक? मला तर हे आकडे माझ्याच बाजूचे वाटतात. त्या नऊ जणांना थेट शस्त्रक्रियेला कोण पाठवतंय? आधी कॉन्ट्रास्ट देऊन सीटी, मग लागलं तर एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंड. आठ जण घाबरतील आणि घरी जातील. नववा जगेल.

आणि जगतात हे दिसलंय. अमेरिकेतल्या कॅप्स अभ्यासात घराण्यात हा रोग असलेल्यांची आणि बीआरसीए२, सीडीकेएन२ए असल्या जनुकांत बिघाड असलेल्यांची एमआरआय व एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंडने देखरेख होते. २०२२ च्या त्यांच्या निबंधात देखरेखीत सापडलेल्या नऊपैकी सात कर्करोग पहिल्याच अवस्थेत होते. एरवी निम्मे रुग्ण पसरल्यावर येतात.

अल्पविराम
'घाबरतील आणि घरी जातील' हे वाक्य मला लागलं. घरी गेलेला माणूस आधीचा राहत नाही. माझ्या मुलीने पुढचं शिक्षण बाहेरगावी घ्यायचं टाळलं, त्या ९ मिलिमीटरपायी. हे कुठल्या निबंधाच्या तक्त्यात येत नाही.

शिवाय कॅप्समधली माणसं निवडलेली आहेत, आणि लवकर सापडलं म्हणून जास्त वर्षं मोजली गेली की खरंच जास्त जगले, हे तुलनेला दुसरा गट नसताना कसं ठरवणार?

गणिती
अल्पविराम यांच्या शेवटच्या मुद्द्याशी सहमत. पण निवडलेल्या माणसांत गणित पालटतं, हेही सांगायला हवं. पन्नाशीनंतर नव्याने मधुमेह झालेल्यांत साधारण शंभरात एकाला तीन वर्षांत हा कर्करोग निघतो. अशा १०,००० जणांत १०० रुग्ण आणि १० खोटे 'हो'. एवढंच की ९२.९ टक्के हा आकडा सिद्ध झालेल्या गाठींवरचा आहे. वर्षभर आधीच्या, गाठ नसलेल्या स्कॅनवर तो तसाच टिकेल असं धरू नका.

पाऊलखुणा
अल्पविराम, मी ते वाक्य मागे घेते. मुलीचं वाचून मला बोलवेना.

'प्रत्येक सीटी' हेही सोडते. पन्नाशीपुढचे, साखर नव्याने वाढलेले, वजन उतरलेले, एवढ्यांचेच स्कॅन पुन्हा पाहावेत. काळंपांढरं, एक सरळ विचारते. माझ्या वडिलांचा तो मुतखड्याचा सीटी तुमच्याकडे आला असता, तर तुम्ही त्यांना परत बोलावलं असतं का?

अल्पविराम
एवढ्यांपुरतं मी विरोध करणार नाही. फक्त शोधण्याआधी त्या माणसाला विचारा. मला कुणी विचारलं नव्हतं.

काळंपांढरं
खरं सांगते. नुसता तो सीटी असता तर बहुधा नाही. बिनकॉन्ट्रास्ट, नलिका जेमतेम फुगलेली, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं 'मुतखडा आहे का'. मी मूत्रपिंडं पाहिली असती, मूत्रनलिका खालपर्यंत पाहिली असती आणि पुढच्या रुग्णाकडे वळले असते.

चिठ्ठीवर 'दोन महिन्यांपूर्वी नव्याने मधुमेह, वजन कमी' एवढं असतं, तर त्याच नलिकेपाशी थांबले असते. त्याच दिवशी फोन करून कॉन्ट्रास्टसह पुन्हा या म्हणाले असते. त्या वेळी काही हाती लागलं असतं का, हे मात्र मी तुम्हाला सांगू शकत नाही.