ट्रकचा पुढचा मेन पाटा (भार पेलणाऱ्या स्प्रिंगची मुख्य पट्टी) तुटला, कंपनी ‘ओव्हरलोड’ म्हणून वॉरंटी नाकारतेय – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

19 दिवस झाले, गाडी डीलरच्या वर्कशॉपमध्ये जॅकवर उभी आहे. पुढे काय करावं ते सुचत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

माझी एकच गाडी. सहा टायर, 18.5 टन पासिंग (गाडी आणि माल मिळून परवानगीचं वजन), 14 महिन्यांपूर्वी 27 लाख 60 हजारांना नवीन घेतली. मी स्वतः चालवतो, धाकटा भाऊ जोडीला असतो. पिंपळगाव बसवंतहून वाशी मार्केटला कांदा, परतीला मिळेल ते भाडं. घर यावरच चालतं.

त्या पहाटे इगतपुरी सोडून कसारा घाट उतरत होतो. वळणावर खालून धाडकन आवाज आला आणि स्टिअरिंग हातातून डावीकडे ओढलं गेलं. त्या बाजूला डोंगर होता म्हणून आज हे लिहितोय. भावाने चाकाला दगड लावले. बॅटरी मारून पाहिलं तर डावा मेन पाटा पुढच्या बुशापाशी तुटलेला, एक्सल त्या अंगाला मागे सरकलेला, टायर मडगार्डला घासून जळका वास येत होता.

पाटा, शॉकअप, टायरॉड, टायर, अलाइनमेंट मिळून एस्टिमेट 86,400 रुपये. वॉरंटीच्या पुस्तकात बुश आणि रबरचे भाग वगळलेत, पाट्यांचं नाव त्यात नाही. तरी तोंडी उत्तर मिळालं, ‘ओव्हरलोड केलं असणार.’ त्या दिवशीची काटा पावती (वजनकाट्याची) 18,140 किलोची आहे, ती बघायलाही कोणी तयार नाही. सगळ्या सर्व्हिसिंग त्यांच्याकडेच झाल्या, पाटे एक्सलला बांधणारे यू बोल्ट आवळल्याची नोंद जॉबकार्डवर आहे. इन्शुरन्सवाले म्हणतात, मेकॅनिकल ब्रेकडाउन पॉलिसीत बसत नाही.

पाट्याचा छोटा तुकडा माझ्याकडे आहे. तुटलेल्या तोंडाचा निम्म्याहून जास्त भाग काळपट, गुळगुळीत, त्यावर शिंपल्यावर असतात तशा गोल रेषा. उरलेला भाग खरबरीत आणि चकचकीत. आमचे जुने पाटेवाले मिस्त्री म्हणाले, ‘चीर आधीचीच आहे, त्या दिवशी फक्त सुटलं.’

आता डीलर निम्मा खर्च सोडायला तयार आहे, पण ‘यापुढे काहीही मागणी करणार नाही’ अशा कागदावर सही मागतो आणि हा तुकडाही मागतो. हप्त्याची तारीख जवळ आलीय. सही करू का? आणि धंद्याच्या गाडीसाठी ग्राहक मंचात जाता येतं का?

प्रतिसाद

दादा, दोघं सुखरूप आहात हे वाचून बरं वाटलं. सही करू नका आणि तुकडा देऊ नका. तो तुमचा सगळ्यात मोठा पुरावा आहे. तेल-ग्रीस न लावता कोरड्या कापडात गुंडाळून ठेवा, तोंड घासू नका, दोन्ही तोंडं जुळवून तर मुळीच बघू नका. रेषा पुसल्या जातात.

मंचाचं म्हणाल तर, 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी वापर वगळला आहे, पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच घेतलेली वस्तू त्या वगळण्यात येत नाही. एकच गाडी आणि स्वतः चालवता, म्हणजे तुमची बाजू चांगली आहे. अर्जात हे पहिल्याच परिच्छेदात लिहा. जिल्हा आयोगाची (मंचाचं आताचं नाव) मर्यादा 50 लाख आहे आणि ती दुरुस्तीच्या रकमेवर नाही, गाडीला मोजलेल्या पैशांवर धरतात. त्यामुळे तुमचं प्रकरण नाशिकलाच चालेल, फी 1,000 रुपये. तक्रार करायची मुदत दोन वर्षांची. डीलर आणि कंपनी दोघांनाही पक्षकार करा.

त्याआधी कंपनीला चॅसिस नंबर आणि जॉबकार्ड नंबर घालून ईमेल करा आणि नकार कारणासकट लेखी मागा. बरीच प्रकरणं इथेच हलतात, कारण ‘ओव्हरलोड’ बोलणं सोपं असतं, लिहून देणं अवघड. सोबत 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. चीर जुनी आहे एवढ्याने कंपनीचा दोष ठरत नाही. रोज जादा माल भरला तरी अशीच चीर वाढत जाते. चीर कुठून सुरू झाली, पोलाद आणि त्याला दिलेलं पाणी (तापवून कडक करणं) बरोबर होतं का, हे प्रयोगशाळाच सांगेल. आयोग नमुना तपासणीला पाठवू शकतो, तशी मागणी अर्जातच करा. आणि फक्त त्या दिवशीची नाही, सापडतील तेवढ्या काटा पावत्या जमवा.

धागाकर्ता

दादा, मनापासून आभार. रात्री भाऊ आणि मी कॅबिनमधल्या पिशव्या उपसल्या, 61 पावत्या निघाल्या. 59 पासिंगच्या आत आहेत. दोन मात्र वर गेल्यात, 18,620 आणि 18,710. भाऊ म्हणतो त्या काढून टाकू. तुम्ही काय सांगाल?

प्रतिसाद

काढू नका. काट्यावर नोंद असते, उलटतपासणीत त्या निघाल्या तर उरलेल्या 59 वरही कोणी विश्वास ठेवणार नाही. सगळ्या तारखेप्रमाणे लावा, झेरॉक्स काढा. काट्याच्या पावतीचा कागद फार दिवस टिकत नाही, शाई उडते.

धागाकर्ता

ठीक आहे, सगळ्या 61 लावतो. कंपनीला ईमेल आत्ताच पाठवला. पाट्याचा मोठा तुकडा अजून वर्कशॉपमध्येच पडलाय, उद्या सकाळी भावाला घेऊन जातो आणि सही-शिक्क्याची पोच देऊन ताब्यात घेतो. दिला नाही तर इथेच कळवतो.